गोदावरीबाईंची मशीनवाली सायकल

चौऱ्याहत्तर साली माझी बदली कोंढ्याच्या शाळेत झाली. बिऱ्हाड पवनीतच होतं, म्हणून रोज सायकलने जाणं-येणं. त्या रस्त्यावर बाजाराच्या दिवशी हमखास एक सायकल भेटायची. दुरून पाहिलं तर भाताच्या तणसाचा एक ढीग डोलत चालल्यासारखा वाटायचा. जवळ आलं की कळायचं, की पुढे हँडलला मुर्र्याचं, म्हणजे चुरमुऱ्याचं पोतं, मागे दोन्ही बाजूंना मुर्र्याची पोती, मधे कॅरिअरवर बसलेली एक भरदार बाई, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी पायडल मारणारा एक काटकुळा माणूस आहे.

तो माणूस सेवकराम आणि ती बाई त्याची बायको गोदावरीबाई. पवनीच्या वेशीजवळ त्यांचं घर, घरामागे मुर्रा भाजायची भट्टी. धान उकडायचं, वाळवायचं, कांडून आणायचं, मग तांदूळ तापल्या रेतीत टाकून फुलवायचा. भाजण्याचं काम गोदावरीबाईंचं, रेती चाळून मुर्रा वेगळा करणं सेवकरामचं. थोडी शेती होती ती ठेक्याने दिलेली. कोंढा, आसगाव, अड्याळ असे आठवड्याचे बाजार करायचे, पोती रिकामी करून घरी यायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम.

मुर्रा म्हणजे पोतं मोठं आणि वजन काहीच नाही. सायकलवर खरं वजन होतं ते गोदावरीबाईंचं. त्या हाडापेराने मोठ्या, उंचीला नवऱ्यापेक्षा बोटभर जास्तच. लग्नात मांडवात कोणीतरी म्हटलं होतं, नवरीच्या सावलीत नवरा दिसत नाही. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. पण सेवकरामच्या तोंडून बायकोच्या अंगाबद्दल एक शब्द कधी कोणी ऐकला नाही. रस्त्यात बोडीच्या पाळीचा चढ लागायचा, म्हणजे लहान तलावाच्या बांधावरून रस्ता वर चढून पलीकडे उतरायचा. चढ जवळ आला की तो म्हणायचा, "चाक बसून राहिलं वाटते, हवा पाहून घेतो." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच त्या उतरलेल्या असायच्या. हवा पाहण्याचं नाटक झालं की त्या मागून सायकल ढकलायच्या, तो पुढून ओढायचा, आणि पाळीच्या वर पोचल्यावर पुन्हा बसून दोघं उताराने निघायचे.

मग सेवकरामला दम लागायला लागला. भट्टीत धानाचा कोंडा जाळायचे, त्याचा धूर जन्मभर छातीत गेलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, भट्टीजवळ जाऊ नका आणि छातीला ताण देऊ नका. भट्टीजवळ जाणं त्याने सोडलं. सायकल कशी सोडणार? एकदा शाळा सुटल्यावर मी येत होतो तर दोघं मोहाच्या झाडाखाली थांबलेले दिसले. सेवकराम गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि गोदावरीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या. मी थांबलो. त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, सायकलले मशीन लावता येते म्हनते खुशाल. खरं आहे का जी?"

मी म्हटलं, "भिवापूरला एकाची पाहिली आहे मी. पेट्रोलवर चालते."

"मंग आपनबी लावू," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्याने मान हलवली. बोलण्याइतका श्वास त्याला अजून आला नव्हता.

खुशाल म्हणजे वेशीजवळचा सायकल मिस्त्री. मोटारीचंही थोडंफार काम जाणणारा. त्याने सेवकरामला समजावून सांगितलं, की नागपूरला एका दुकानात अशा मशिनी मिळतात, पण सगळ्या सारख्या नसतात. "तठी पयले सांगजो का बसनार कोन, वजन किती. त्याच्यावर समदं आहे. मी संग आलो असतो, पन माह्या साळ्याचं लगीन आहे." सेवकराम हो म्हणाला आणि सकाळच्या एसटीने एकटाच गेला.

संध्याकाळी तो पेटी घेऊन परतला. ती मशीन पुढच्या चाकाची होती. हँडलच्या खाली, चाकाच्या वर पट्ट्यांनी घट्ट बसवायची. तिला एक खरबरीत रूळ होता. दांडी सोडली की तो रूळ टायरवर टेकायचा आणि घासून चाक फिरवायचा. लावायला सोपी, कोणत्याही सायकलला चालणारी. खुशालने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "वयनी मागं बसतात हे सांगितलं न दुकानात?"

"सांगितलं," सेवकराम म्हणाला.

खुशालने मशीन बसवून दिली. सपाट रस्त्यावर सेवकराम एकटा फिरून आला तेव्हा वेशीजवळची माणसं उठून उभी राहिली होती. पायडल न मारता सायकल चाललेली पवनीत फार कोणी पाहिली नव्हती. पहिल्या बाजाराला मी त्यांच्या मागेच होतो, सुट्टी असूनही शाळेत काही काम होतं म्हणून. गावाबाहेर सपाटीला त्यांची सायकल छान फुर्रर्र करत गेली. गोदावरीबाईंनी मागे वळून मला हात केला.

बोडीच्या पाळीवर मात्र गोष्ट बिघडली. चढ लागताच रूळ टायरवर नुसताच फिरायला लागला. कर्कश आवाज, रबर जळाल्याचा वास, आणि सायकल जागच्या जागी. पुढचं चाक आधीच हलकं झालेलं, ते डगमगलं, मग चक्क वर उचललं गेलं. क्षणभर सायकल मागच्या चाकावर उभी राहिली आणि आडवी झाली. पोतं फाटलं. पाळीवर मुर्रा पांढराशुभ्र पसरला.

बाजाराला जाणारी माणसं थांबली. कोणी सेवकरामला हात देऊन उठवलं. आणि कोणी एकजण, नाव सांगत नाही, बोलून गेला, "मशीन चांगली आहे गड्या, मालच भारी पडला." दोघंचौघं हसले.

गोदावरीबाई उठल्या. कोपर खरचटलं होतं तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. लुगडं झटकलं, नवऱ्याचा गुडघा दाबून पाहिला, मग सायकलजवळ जाऊन त्या रुळाकडे आणि झिजलेल्या टायरकडे बराच वेळ पाहत राहिल्या. माणसं पांगल्यावर त्यांनी विचारलं, "दुकानात काय सांगितलं होतं तुमी?"

सेवकराम पोत्याचं तोंड बांधत होता. "सांगितलं का मी चालवतो."

"अन् मागं?"

"मागं मुर्रा."

"अन् मी?"

तो गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला. मी जरा दूर होतो, पण वारा माझ्याकडे होता, म्हणून ऐकू आलं. तो म्हणाला, "तुयं वजन मी चारचौघांत कायले काढू? दुकानात गंज मानसं होती."

गोदावरीबाई सांडलेल्या मुर्र्याकडे वळल्या. खाली बसून त्यांनी वरवरचा स्वच्छ मुर्रा पदरात भरला, बाकीचा शेळ्यांसाठी सोडून दिला. त्या दिवशी ते बाजाराला गेले नाहीत. सायकल हाताने ओढत दोघं घरी परतले, आणि वाटेत ती ओढत होत्या गोदावरीबाई.

पुढची गोष्ट राईस मिलचे मुनीम मधुकरराव यांच्याकडून कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमध्ये धानाची पोती मोजणं चालू असताना गोदावरीबाई सरळ आत आल्या आणि वजनकाट्याच्या फळीवर उभ्या राहिल्या. हमाल हातातलं पोतं धरून बघत राहिले.

"मोजा, मुनीमजी."

मधुकरराव भिडस्त माणूस. ते म्हणाले, "बाई, हा पोत्यांचा काटा आहे."

"म्हनूनच आली. दवाखान्यातल्या काट्याचा काटा मधीच अटकते. मले बरोबर पायजे."

मधुकररावांनी वजनं चढवली, दांडा सरळ केला, आणि हळू आवाजात सांगितलं. ब्याण्णव किलो. गोदावरीबाईंनी पुन्हा विचारलं, "किती?" तेव्हा जरा मोठ्याने सांगावं लागलं. "म्हनजे धानाच्या पोत्याहून वरतं," त्या म्हणाल्या, आणि खाली उतरून "येतो जी" म्हणून निघाल्या. मधुकरराव सांगायचे, की नंतर बराच वेळ मिलमध्ये कोणी एकमेकांची थट्टा केली नाही.

त्याच आठवड्यात तिघं नागपूरला गेले. गोदावरीबाई, सेवकराम आणि खुशाल. हे सगळं खुशालने मला इतक्या वेळा सांगितलं आहे, की मीही तिथे होतो असं कधीकधी वाटतं.

दुकानाचे मालक म्हणजे एक म्हातारे सेठ, गळ्यात चष्म्याची दोरी. सेवकरामला पाहून ते म्हणाले, "काय, चालत नाही का?" सेवकरामने खाली पाहिलं. गोदावरीबाई पुढे झाल्या. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती.

"सेठजी, मशीन चांगलीच आहे. आमीच अर्धं सांगितलं होतं. माह्यं वजन ब्याण्णव किलो आहे. अन् यायचं वजन पन्नासच्या आत. मुर्रा धरा आठ-दहा. रस्त्यात एक चढ आहे बोडीच्या पाळीचा, अन् वेशीतून घरी येतानी एक. आता सांगा कोनती लावाची."

सेठजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी एकदा सेवकरामकडे पाहिलं. मग दोन मशिनी काउंटरवर काढून ठेवल्या. दोन्ही मागच्या चाकाला चेनने फिरवणाऱ्या, सायकलच्या दांड्याखाली मधल्या जागेत बसणाऱ्या. ते म्हणाले, इतकं ओझं असेल तर रुळाची मशीन मुळीच नको, पावसात तर ती कोरड्यापेक्षाही वाईट घसरते. चेनला घसरणं माहीत नाही. एक मशीन मोठी होती, ताकद जास्त, वेगही जास्त. दुसरी लहान.

"ही मोठी घ्या," सेठजी म्हणाले. "भार आहे तुमच्यावर."

खुशालने मोठी हातात उचलून पाहिली आणि तो विचारात पडला. मशीनच जड, त्यात ती सायकलचा सांगाडा हादरवणार. साध्या सायकलचे ब्रेक त्या वेगाला पुरणार नाहीत. वजनदार सवारी वेगात निघाली की थांबवणं हेच मोठं काम. ते त्याने बोलून दाखवलं.

गोदावरीबाईंनी विचारलं, "ही लहान पाळीवर चढन का?"

"चढेल," सेठजी म्हणाले, "पण मग मागच्या चाकाला मोठी चकरी लावावी लागेल. चकरीचे दात जास्त तर ओढ जास्त, पण पळ कमी. फार हळू जाईल बाई."

"किती हळू?"

"तरणा माणूस रिकामी सायकल जोरात मारतो ना, तो तुमच्या पुढे जाईल."

"जाऊ द्या. मले पळाचं नाई, चढाचं आहे."

तसं ठरलं. लहान मशीन, मोठी चकरी. खुशालने त्यासोबत मागच्या चाकाच्या जाड तारा मागितल्या, कारण ती चकरी तारांनाच धरून बसते, आणि बारीक तारा ब्याण्णव किलोखाली पटापट तुटल्या असत्या. दोन्ही चाकांचे नवे ब्रेक आणि दुहेरी स्प्रिंगची रुंद सीटही घेतली. सेठजींनी जुनी मशीन थोडे पैसे कापून परत घेतली.

सीट पाहून सेठजी सेवकरामला म्हणाले, "तुम्हाला ही सीट मोठी होईल. साधीच चालेल."

तेव्हा गोदावरीबाई म्हणाल्या, "ते नाई चालवनार. मी चालवीन."

हे त्यांनी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. सेवकराम त्यांच्याकडे बघत राहिला. खुशालही. त्यांनी खुशालला विचारलं, "बंडीत भारी पोतं मागं टाकलं त काय होते?"

"उलार होते," खुशाल म्हणाला. बंडीचा मागचा भाग जड होऊन पुढचं जू वर उठलं की तिला उलार म्हणतात, हे धानवाल्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं.

"पाळीवर आपली सायकल उलार झाली होती. मी चाकाच्या बी मागं बसतो, हे समोर. भारी पोतं समोर घ्या, हलकं मागं. मंग कशी उठन?" आणि नवऱ्याकडे वळून जरा हळू म्हणाल्या, "अन् मशीनले बी चढावर पायानं मदत करा लागते म्हनते खुशाल. तुमच्या छातीनं होनार नाई. माह्ये पाय मजबूत आहेत."

सेवकरामने काउंटरवरची ती रुंद सीट उचलून स्वतःच्या काखेत घेतली आणि म्हणाला, "चला मंग. एसटी चुकन."

गोदावरीबाईंना सायकल येत नव्हती. उन्हाळा लागलेला, बोडी कोरडी पडली होती. तिच्या तळाशी सपाट, मऊ जमीन. रोज सकाळी तिथे शिकणं सुरू झालं. नऊवारी लुगड्याचा काष्टा असल्यामुळे दांड्याच्या मर्दानी सायकलवर बसायला अडचण नव्हती. चढायला मात्र एक धोंडा लागायचा. खुशाल मागून कॅरिअर धरून धावायचा आणि पाळीवर टॉवेल टाकून बसलेला सेवकराम सूचना द्यायचा. "चाकाकडे नको पाहू, समोर पाह्य." त्या पडल्या, अनेकदा पडल्या. खुशालवरही एकदा पडल्या आणि तो दोन दिवस लंगडत होता. गावातल्या बायका विहिरीचं पाणी आणायच्या निमित्ताने पाळीवर थांबायच्या. आधी हसायला, नंतर बघायला. एक म्हातारी, पार्वताबाई, रोज म्हणायची, "या वयात कायले वो गोदे?" आणि रोज पुन्हा यायची.

एका सकाळी खुशालने कॅरिअर सोडून दिला आणि त्यांना सांगितलंच नाही. त्या बोडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, वळवायचं शिकल्या नसल्यामुळे थेट बेशरमच्या झुडपात घुसल्या, आणि तिथूनच ओरडून विचारलं, "मागं कोनी होतं का?" पाळीवरून सेवकराम म्हणाला, "नाई. तू एकटीच गेली." तो उभा राहिला होता. मग दम लागल्यासारखा पुन्हा खाली बसला.

मशीन लावल्यावर पहिल्यांदा त्या कोंढ्याला निघाल्या तेव्हा मी मुद्दाम लवकर घर सोडलं. पुढे गोदावरीबाई, पदर कमरेला घट्ट खोचलेला, नजर रस्त्यावर खिळलेली. मागे सेवकराम, एका हाताने सीटची स्प्रिंग आणि दुसऱ्या हाताने पोतं धरून. मी सहज त्यांच्या पुढे निघालो आणि पाळीच्या वर जाऊन थांबलो. चढाला आवाज जड झाला. गोदावरीबाईंनी पायडल मारायला सुरुवात केली. सायकल अगदी गोगलगाईसारखी, पण न थांबता वर येत गेली, पुढचं चाक जमिनीला धरून. वर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. उतारावर ब्रेक कसा धरायचा याची त्यांना काळजी होती. सेवकरामने मात्र पोत्यावरचा हात सोडून मला नमस्कार केला.

बाजारात टोमणे बसले. बाईमाणूस सायकल मारते आणि मरद मागे बसतो, असं कोणाला बोलल्यावाचून राहवतं? एकाने सेवकरामला तोंडावर विचारलं, लाज नाही का वाटत. त्याने मुर्र्याचं माप भरत सांगितलं, "समोरून वारा लागते बाप्पा, छातीले मानवत नाई. मागं बरं वाटते." विचारणाऱ्याला हसावं की काय करावं ते कळलं नाही. त्याने मुर्रा घेतला आणि गेला.

दोन-तीन पावसाळे गेल्यावर लोकांना त्या सायकलची सवय झाली. बायका रस्त्यात हात करून त्यांच्याकडे निरोप द्यायच्या, आसगावला माहेरी सांगा, अड्याळच्या बहिणीला सांगा. मशीन बंद पडायचीच. प्लगमध्ये कचरा यायचा, चेन उतरायची, मागच्या तारा अधूनमधून तुटायच्या. त्या दुरुस्त्या गोदावरीबाई स्वतः शिकल्या. पेट्रोलमध्ये तेल किती टाकायचं ते मात्र सेवकराम बघायचा. तेवढं एक काम त्याने कोणाला करू दिलं नाही. दुपारी माणसं कमी झाली की तो बाजारातच मशीन पुसत बसलेला दिसायचा.

अशी आठ-नऊ वर्षं त्यांनी काढली. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात सेवकरामची छाती फारच बिघडली आणि तो बाजाराला जाईनासा झाला. तरी सकाळी ओट्यावर येऊन टाकीत तेल-पेट्रोल तोच ओतायचा. पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, तो गेला. मयतीला आसपासच्या बाजारांतले कितीतरी दुकानदार आले होते.

महिना उलटल्यावर गोदावरीबाई पुन्हा बाजाराला निघाल्या. खुशाल म्हणाला, "वयनी, आता ओझं कमी झालं. म्हनसान त लहान चकरी लावून देतो, पळ वाढन." त्यांनी त्याला नको म्हटलं. पहिले काही दिवस त्या पाळीजवळ उतरून चालत गेल्या. मशीन नीट चढत होती, मग का उतरल्या ते मी विचारलं नाही. पुढे तेही थांबलं आणि त्या बसूनच जायला लागल्या.

माझी नंतर भंडाऱ्याला बदली झाली. एकदा सुट्टीत पवनीला आलो तेव्हा खुशालच्या दुकानासमोर एक नवीन, पूर्ण कंपनीची मोपेड उभी होती आणि तिच्याजवळ गोदावरीबाई. शेजारच्या गावची एक तरुण आरोग्य सेविका तिथे आली होती, तिला तसलीच मोपेड घ्यायची होती. तीही अंगाने चांगली थोराड. गोदावरीबाई तिला सांगत होत्या, "आदी वजन करून ये पोरी. मिलमधी जा, मुनीमजी देतात करून. मंग दुकानात पयलेच सांगून टाक." ती मुलगी लाजून इकडेतिकडे पाहत होती. मला पाहून गोदावरीबाईंनी पदर सावरला, चहा मागवायला सांगितला, आणि पुन्हा तिच्याकडे वळून ब्रेकबद्दल बोलायला लागल्या.